एकाच पत्त्याच्या अकरा जणी

यवतमाळ
४ ऑगस्ट २०२४

प्रिय संगी,

रविवारची दुपार. बोर्डिंगच्या मुलींना सिस्टर बेनेडिक्टा घरी पत्रं लिहायला बसवायच्या, तीच ही वेळ. तुझ्या घरी वाचणारं कुणी नव्हतं. तुझे वडील, देवीलालकाका, तर शाळेच्याच बागेत पाणी घालत असायचे. म्हणून तू मला लिहायचीस, आणि सोमवारी तुझ्याच बाकावर बसून मी ते वाचायचे. तू खिडकीबाहेर बघत राहायचीस, जणू पत्र दुसऱ्याच कुणाचं आहे. फोन आले, साठी उलटली, तरी आपण हे सोडलं नाही. तुझा फोन तर दुकानाचा, म्हणजे साऱ्या तांड्याचा. त्यावर मनातलं काय बोलावं?

आज मात्र विचारायचं आहे ते दुकानाचंच. गेल्या महिन्यात मी ॲपवरून तुमची आरशांची पिशवी मागवली होती. तुझी सून मानी मागे म्हणाली होती, "मावशी, माह्याकडून फुकट नका नेऊ, तिथूनच घ्या. दुकान वर येते." म्हणून तिथूनच घेतली. काल पैसे परत आले. खाली लिहिलं होतं, विक्रेता उपलब्ध नाही. तुझं दुकान उघडून बघितलं तर पान कोरं. सुखीबाईचं दुकान बघितलं, रुपीबाईचं बघितलं. सगळी कोरी.

माझ्याच फोनचं काही बिघडलं असेल तर तसं कळव. तसंच असू दे.

तुझी
कुंदा


तांडा, पो. नेर
११ ऑगस्ट २०२४

प्रिय कुंदा,

तुझा फोन चांगला आहे. आमची दुकानं बंद झाली.

तुझी पिशवी शिवून तयार आहे. याडीच्या हातची आहे, सासूबाई बसंतीबाईंच्या; त्यांचं काम माझ्याच दुकानात असतं. आरसे लावून झाले, नाडीही ओवली, आणि त्याच सकाळी कळलं की आता काही पाठवता येणार नाही.

मुळात चूक कुठे धरली ते सांगते. आम्ही अकरा बायका. दोन वर्षांपूर्वी सुरू केलं तेव्हा सगळे म्हणाले, एकच दुकान काढा. मी अडून बसले. जिचं काम तिचं दुकान, तिचे पैसे तिच्याच खात्यात. नवऱ्याच्या नाही, माझ्याही नाही. म्हणून अकरा दुकानं उघडली. पण फोन एकच, माझा, तोही मानीच चालवायची. सिमकार्डं अकरा, ती डब्यात ठेवायची आणि ज्या दुकानाचं काम असेल ते घालायची. मानी नववीपर्यंत शिकलेली. फोटो काढणं, भाव टाकणं, सगळं तीच करायची.

आता बघ. हा तांडा राठोडांचा. आम्ही कुणी पवारांच्या, कुणी चव्हाणांच्या लेकी, पण इथे लग्न होऊन आलो की सगळ्या राठोड. सुखीबाई गोपाल राठोड नावाच्या तर दोघी आहेत. आम्ही त्यांना थोरली आणि धाकली म्हणतो, कंपनीला ते कसं कळावं? पत्ता सगळ्यांचा सेवालाल महाराजांच्या मंदिराजवळ. तांड्यात घर नंबर कोण सांगतं? तर ॲपच्या मशीनने ठरवलं की या अकरा बायका नाहीतच. एकच कुणी तरी लबाड माणूस अकरा नावांनी दुकानं चालवतो आणि गिऱ्हाइकांना फसवतो.

हसू आलं असतं. पण मानीला दिवस गेले आहेत, चौथा चालू आहे. तू विचारशील म्हणून आधीच सांगते, पौषात मोकळी होईल.

दुकान येण्याआधी इंद्रजीत आणि ती दर वर्षी ऊस तोडायला सांगलीकडे जायचे. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, तुला माहीत आहे. पहिलं मूल तिथेच, उसाच्या फडात गेलं. डोक्यावर मोळी होती. ही दोन वर्षं दुकानामुळे ती घरी राहिली. मी तिला शब्द दिला होता की दुसरं मूल या घरात होईल. दिवाळीनंतर गाड्या निघतात. तोवर दुकान उघडलं पाहिजे. मला एवढंच हवं आहे.

तुझ्या यजमानांच्या हाताखाली वकिली शिकलेला तो मुलगा, पियूष, अजून तुझ्याकडे येतो का?

तुझी
संगीता


यवतमाळ
१८ ऑगस्ट २०२४

प्रिय संगी,

येतो. हे गेल्यापासून दर गुरुपौर्णिमेला पेढे घेऊन येतो आणि यांच्या खुर्चीकडे न बघता बसतो. तुझं पत्र त्याला वाचून दाखवलं.

त्याचं म्हणणं जसं कळलं तसं लिहिते. ऑनलाइन विक्रीला सरकारचे नियम आहेत. कंपनीने तक्रारी ऐकायला एक अधिकारी नेमायचा, त्याचं नाव उघड लिहायचं, अठ्ठेचाळीस तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात निकाल. ऐकून मला केवढा धीर आला. मग तो म्हणाला, "काकू, हे सगळं घेणाऱ्यासाठी आहे. विकणाऱ्याने दुकान उघडताना ज्या अटींवर 'मान्य' दाबलं, त्याच त्याला लागू." मी म्हटलं, त्या मानीने वाचल्या तरी असतील का? तो म्हणाला, मी वकील आहे, मीसुद्धा वाचत नाही.

मोठ्या कंपन्यांना आवर घालायचा एक नवा कायदा येणार होता. त्याचा मसुदा निघाला, पुढे काही झालं नाही. दिल्लीत आहे म्हणतो.

तरी अर्ज करायचाच. मी तो इंग्रजीत लिहिला आहे, सोबत जोडते. सिस्टरच्या हाताखाली शिकल्याचं चीज झालं असं मला दोन दिवस वाटतं आहे. 'विथ ड्यू रिस्पेक्ट'पासून सुरुवात आहे. राठोड आडनाव का सारखं, तांड्याचा पत्ता कसा असतो, फोन एक का, सगळं नीट क्रमाने मांडलं आहे. एक शब्द बदलू नका. प्रत्येकीने हे आपल्या हाताने उतरवायचं, खाली सही करायची आणि फोटो काढून पाठवायचा. अकरा जणींचे अकरा अर्ज एकदम गेले की त्यांना दखल घ्यावीच लागेल.

मानीला दूध पाज. आवडत नसेल तर खीर करून दे.

कुंदा


तांडा, पो. नेर
२२ सप्टेंबर २०२४

प्रिय कुंदा,

लिहायला उशीर केला. काय लिहावं ते सुचत नव्हतं.

तुझा अर्ज आला त्या दिवशी मंदिरापुढे सतरंजी टाकून सगळ्या बसलो. आमच्यातल्या सात जणींना इंग्रजी अक्षर माहीत नाही. त्यांनी ते नक्षीसारखं उतरवलं. थोरल्या सुखीबाईने तर टाके मोजावेत तशा रेघा मोजल्या. 'रिस्पेक्ट'ला तिचा अर्धा तास गेला. धाकली म्हणाली, "या अक्षराले आरसे लावले असते तं बरं दिसलं असतं." खूप दिवसांनी एवढं हसलो. मानीने एकेक सिम घालून सगळे अर्ज पाठवले.

उत्तर यायला तासही लागला नाही. अकरा अर्जांत शब्दाला शब्द सारखा, सगळे एकाच हँडसेटवरून. म्हणजे एकच माणूस अकरा नावांनी लिहितो हे आता सिद्धच झालं. दुकानं कायमची बंद. यापुढे या विषयावर उत्तर मिळणार नाही.

सिस्टरच्या वर्गात आपण एकमेकींचं बघून लिहिलं की दोघींना शून्य मिळायचं. तसंच झालं. तू मनाला लावून घेऊ नकोस. तुझ्या जागी मी असते तर मीही हेच केलं असतं. शाळा एकच.

मागच्या आठवड्यात भारत येऊन गेला. तो ऊसतोडीचा मुकादम, नात्यातलाच आहे. पाच घरांनी दसऱ्याला आगाऊ पैशांची उचल घ्यायचं कबूल केलं. आमच्या घरासाठी तो इंद्रजीतशी बोलत होता आणि मानी चुलीपुढे ऐकत होती. तो गेल्यावर मी म्हटलं, या वर्षी कोयता नाही. ती म्हणाली, "मंग काय आरसे खाऊ?" रागाने नाही बोलली. भाकर उलटत होती.

तुझी
संगीता


यवतमाळ
६ ऑक्टोबर २०२४

प्रिय संगी,

तू मनाला लावून घेऊ नकोस म्हणालीस. ते जमलेलं नाही, पण त्यावर पानं भरणार नाही. कामाचं लिहिते.

पियूषला एक वाट दिसली आहे. तुम्ही विकणाऱ्या, तुमच्यासाठी ग्राहक आयोगाचं दार नाही. स्पर्धा आयोग दिल्लीला. त्याचा खर्च आणि काळ ऐकून मी पुढे विचारलंच नाही. पण मी विकत घेणारी आहे. मी पिशवीचे पैसे भरले होते, पिशवी मिळाली नाही, दुकान का बंद केलं ते कुणी सांगितलं नाही. मी ग्राहक आहे आणि राहते यवतमाळात. म्हणून इथल्याच जिल्हा ग्राहक आयोगात मी तक्रार केली. मागणी एकच, मला हीच पिशवी याच दुकानातून हवी. दुकान उघडल्याशिवाय ती देता येणार नाही, हा त्याचा डाव.

तुम्हा अकरा जणींच्या पोटासाठी कायद्याला वाट नाही आणि माझ्या एका पिशवीसाठी आहे. हे ऐकून मी पियूषला म्हटलं, हे असते तर काय म्हणाले असते? तो म्हणाला, सर म्हणाले असते, आहे त्या दारातून आत जा.

कंपनीला नोटीस निघेल. तारीख मिळाली आहे २६ नोव्हेंबर, दिवाळीनंतरची. मी फार विनवलं, अलीकडची मिळाली नाही. तेवढे दिवस मानीला थांबव. तिला माझ्याकडे पाठव. यांची खोली रिकामी आहे, खाली दवाखाना आहे. सोबत पाकीट ठेवते आहे. ते मानीसाठी आहे. तू त्यावर काही बोलू नकोस.

आणखी एक सांगणार नव्हते. पुण्याहून माझी सून केतकी आली आहे. तिच्या फोनवर ॲप उघडलं आणि 'आरशांची पिशवी' लिहिलं, तर सगळ्यात वर तुमचीच नक्षी. तोच लाल, तीच किनार. पण आरसे छापलेले. विकणारी ती कंपनी स्वतः.

कुंदा


तांडा, पो. नेर
८ नोव्हेंबर २०२४

प्रिय कुंदा,

परवा गाड्या गेल्या. मानी आणि इंद्रजीत त्यातच गेले.

तुझं पाकीट परत पाठवते आहे. तू रागावशील. पण अकरा घरं माझ्या शब्दावर या कामात आली. त्यातल्या नऊ घरांतली माणसं ट्रॅक्टरवर चढली. माझ्या एका घरात मैत्रिणीचे पैसे आले असते तर उरलेल्यांपुढे मी मान वर कशी करणार होते? तुझ्याकडे येण्याबद्दल मी मानीला विचारलं, दोनदा विचारलं. ती म्हणाली, "मी मावशीच्या घरी पलंगावर निजू, अन् हे एकटे काय करतीन? एकट्याचा कोयता कोन घेते?" इंद्रजीतने दसऱ्याला उचल घेतली होती. हे मी तुला लिहिलं नव्हतं.

या वर्षी दिवाळी झाली म्हणायची. आमच्याकडे दिवाळीला पोरी हातात दिवा घेऊन घरोघर जातात, मोठ्यांना ओवाळतात, मेरा म्हणतात त्याला. प्रत्येक घरी पोरी गेल्या आणि प्रत्येक घरी गाठोडी बांधलेली. याडीने त्यांच्या हातावर साखर ठेवली आणि मग भिंतीकडे तोंड करून बसली.

भारतशी मी बोलून घेतलं आहे. त्याला म्हटलं, माझी मैत्रीण कोर्टात उभी आहे, दुकान कधीही उघडेल. तो म्हणाला, "उघडलं तं सांगा. उचल दुकानातून फेडजा, सुनेले मी सोता यष्टीत बसवून देतो. मी काय राक्षस आहो काय?" खरंच राक्षस नाही तो. त्याचीही बायको उसात असते.

फोन मी मानीला देऊन टाकला. तिला सातवा लागला आहे, रानात दुखायला लागलं तर कुणाला तरी बोलावता यावं. सिम माझंच आहे त्यात, काढत बसले नाही. बाकीची सिमं डब्यात. आता दुकान नाही तर मला फोन कशाला? मला काही कळवायचं तर पत्रच टाक. अगदी घाईचं असेल तर नेरच्या पोस्टमास्तरांना फोन करून सांग, ते निरोप पोचवतात.

तारखेला काय होतं ते लगेच लिही.

संगीता


यवतमाळ
१ डिसेंबर २०२४

प्रिय संगी,

तारीख झाली. कंपनीचा वकील पडद्यावर दिसला, बंगळुरूहून. तरुण होता, अदबीने बोलला. म्हणाला, बाईंची गैरसोय झाली याचं वाईट वाटतं, आम्ही त्यांना तशीच पिशवी विनामूल्य देऊ. मी परवानगी मागून उभी राहिले. म्हटलं, ती छापील पिशवी असेल तर नको, मला तिच्या सासूबाईंच्या, बसंतीबाईंच्या हातची हवी, तिचे पैसे मी भरले होते. त्यावर त्याने लेखी उत्तर द्यायला मुदत मागितली. ती मिळाली. पुढची तारीख जानेवारीत.

दुकानांचं काय, असं पियूषने विचारलं. वकील म्हणाला, सगळं लेखी उत्तरात येईल.

जानेवारी म्हणजे पौष. मी घरी येऊन यांच्या खुर्चीत बसले आणि बराच वेळ दिवा लावला नाही.

मानीसाठी दोन लोकरीचे स्वेटर विणते आहे, एक लहान. तिचा तिथला पत्ता कळव. तिला बरं आहे ना?

कुंदा


यवतमाळ
१९ जानेवारी २०२५

प्रिय संगी,

डिसेंबरात लिहिलं, संक्रांतीला तिळगुळाबरोबर पुन्हा लिहिलं. तुझं उत्तर नाही. आपल्या पन्नास वर्षांत असं झालेलं मला आठवत नाही. आता कारण कळलं असं वाटतं आहे, आणि ते खरं नसावं अशी इच्छा आहे.

कंपनीचं लेखी उत्तर आलं. त्यात लिहिलं आहे की आयोगाची नोटीस मिळताच त्यांनी पुन्हा तपासणी केली आणि चौदा नोव्हेंबरलाच तुझं दुकान उघडून दिलं. तुझ्या नंबरवर तसा मेसेज पाठवला. सात दिवसांत नव्या अटींना 'मान्य' म्हणायचं होतं, म्हणजे मागोमाग बाकीच्या दहा जणींचीही दुकानं उघडली असती. तू दाबलं नाहीस म्हणून दुकान आपोआप पुन्हा बंद झालं. आता दोष विक्रेतीचा, कंपनीचा नाही.

संगी, फोन मानीजवळ होता हे ठाऊक आहे, पण तिने तुला कळवलंच असेल. मग तू तिला का दाबायला सांगितलं नाहीस? माझ्या त्या अर्जाचा राग मनात होता का? की छापील पिशवीचं मी लिहिलं आणि तू ठरवलंस की अशांच्या दारात पुन्हा जायचं नाही? तुझा स्वभाव मला माहीत आहे. खिडकीबाहेर बघत राहशील पण मागणार नाहीस. मानीसाठी तरी ते एक बटण दाबायला सांगायचं होतंस. मी हे लिहायला नको, पण मला वाईट वाटलं.

पियूषचं म्हणणं वेगळं आहे. तो म्हणतो, रागावण्याआधी विचारा की मेसेज त्यांनी बघितला तरी का. कायदा एवढंच बघतो की मेसेज त्या फोनवर पोचला. कंपनी म्हणते पोचला. पण त्यात काय लिहिलं होतं, कोणत्या भाषेत, साध्या माणसाला तो समजला असता का, हे दाखवता आलं तर आपली बाजू अजून उभी राहते. अकराही दुकानं उघडून मागता येतील, नुकसानीचंही बोलता येईल. त्यासाठी तो मेसेज फोनवर जसा आला तसाच आयोगापुढे ठेवायला हवा. पुढची तारीख ११ मार्च. फोन घेऊन ये. त्यातलं काही पुसू नका. मानी अजून तिकडे असेल तर इंद्रजीतला सांगून फोन मागवून घे.

आणि तिची सुटका झाली का ते लिही. मुलगा की मुलगी?

कुंदा


तांडा, पो. नेर
९ फेब्रुवारी २०२५

प्रिय कुंदा,

तुझी सगळी पत्रं मिळाली. तिळगूळही मिळाला.

मुलगा होता. डिसेंबरात, मोळी घेऊन ट्रॉलीला लावलेल्या फळीवर चढताना तिचा पाय सरकला. ट्रॉलीतून दवाखान्यात नेईपर्यंत काही राहिलं नव्हतं. नेरच्या पोस्टात निरोप आला तेव्हा मी निघाले. तिकडच्या ओढ्याकाठी इंद्रजीतने जागा दाखवली. मानी कोपीत पडून होती, पाचटाच्या झोपडीत. मला बघून म्हणाली, "याडी, तुम्ही कायले आल्या इतक्या दूर?" भारतने यष्टीत बसवून दिलं, शब्दाप्रमाणे. इंद्रजीत अजून तिकडेच आहे, दुसऱ्या एकट्या माणसाबरोबर तोडतो. मानीला घरी आणून दीड महिना होईल.

म्हणून मी लिहिलं नाही. राग नव्हता.

तुझं शेवटचं पत्र आलं तेव्हा मी ते ओसरीवर वाचलं, मग मागे जाऊन पुन्हा वाचलं. चौदा नोव्हेंबर. गाड्या जाऊन जेमतेम आठवडा झाला होता. फोन मानीजवळच असतो, पण आता ती त्याच्याकडे बघत नाही. उशाखालून घेतला आणि शोधत बसले. त्या ॲपचे मेसेज किती यावेत, कुंदा. दिवाळी सेल, वर्षअखेर सेल, संक्रांत सेल. प्रत्येकाची सुरुवात इंग्रजीत अभिनंदनाने. त्यांच्या मधोमध तो होता. त्याचीही सुरुवात अभिनंदनानेच. लांबलचक इंग्रजी, आणि खाली एक बटण.

मानी दारात उभी होती. मला कळलंच नाही.

"काय पाहून राह्यल्या?" तिने विचारलं.

तिने माझ्या हातातला फोन वाकून बघितला आणि म्हणाली, "हा आलता तिकडं. गेल्या गेल्याच आलता. मले वाटलं सेलचा हाय. दुकानाचं नाव पाहून एकडाव उघडला बी होता, पन तेवढं इंग्रजी कोन वाचते फडात." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "कायचा होता, याडी?"

तुझ्याशी खोटं बोलायचं नाही म्हणून लिहिते. मी म्हटलं, जाहिरातच आहे. अन् तिच्यासमोर तो पुसून टाकला. जागा भरते म्हणून बाकीचेही पुसले, म्हणजे तेवढाच पुसला असं दिसू नये.

पियूषला सांग की आमच्याजवळ दाखवायला काही नाही. त्याने फार केलं, तूही केलंस. तुझ्या नोटिशीनेच दुकान उघडलं, हे मी विसरणार नाही. पण तू विचार कर. अकरा मार्चला आयोगापुढे तो मेसेज मोठ्याने वाचला जाईल. कंपनीचा वकील विचारेल की फोन कुणाजवळ होता. त्या तारखेला कुणी काय बघितलं, कुणी उघडून मिटलं. त्याचं उत्तर एकच माणूस देऊ शकतं. मग अकरा दुकानं उघडतीलही. पण तिला उरलेल्या आयुष्यात ती तारीख पाठ होईल.

तुझ्या पिशवीची केस तू मागे घे. पिशवी मी शिवजयंतीनंतर कुणाच्या हाती पाठवीन. पैसे पाठवू नकोस.

कंपनीचं ते उत्तर ज्या कागदावर आहे तो इकडे आणू नकोस. तू आलीस की मानी विचारेल, मावशी, केसचं काय झालं? तिला सांग, हरलो. सांग की दुकान काही उघडलं नाही, उघडणारच नव्हतं. मी तिला तेच सांगितलं आहे. ती म्हणाली, "बरं," आणि पाणी आणायला गेली.

तू लवकर ये. तुझ्याजवळ बसली तर कदाचित रडेल ती. माझ्यापुढे रडत नाही.

तुझी
संगीता